मोटरहोममधील गॅसवरच्या फ्रिजऐवजी घरगुती फ्रिज : नागपूरच्या उन्हाचा हिशेब धरून

परदेशी धाटणीच्या मोटरहोममध्ये मुळात जो फ्रिज बसवलेला असतो, तो बहुधा शोषण पद्धतीचा असतो. त्याला कॉम्प्रेसर नसतो. एलपीजीची ज्योत किंवा विजेचा हीटर अमोनिया आणि पाण्याचे मिश्रण तापवतो, त्यातून सुटलेला अमोनिया मागच्या नळ्यांमध्ये थंड होऊन द्रवरूप होतो, पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याचे बाष्प होते आणि त्या वेळी तो फ्रिजमधील उष्णता शोषून घेतो. ही रचना आवाज करत नाही आणि बॅटरीवर फारसा भार टाकत नाही, परंतु मागच्या नळ्यांची उष्णता बाहेरच्या हवेत सहज गेली तरच ती नीट चालते. नागपुरात नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या भिंतीआड त्याहूनही अधिक तापते. अशा वेळी हा फ्रिज दुधाला आणि औषधांना पुरेसा थंडावा देऊ शकत नाही. शिवाय तो नीट चालण्यासाठी गाडी बऱ्यापैकी समतल उभी असावी लागते.

घरगुती कॉम्प्रेसर फ्रिज या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर करतो आणि बाजारात सहज मिळतो. मात्र तो बसवला की गॅसचा भार बॅटरीवर येतो, म्हणून फ्रिज विकत घेण्यापूर्वी त्याला रोज किती वीज लागेल आणि त्याची उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाईल, या दोन गोष्टी कागदावर ठरवून घ्याव्यात. जे लोक दाट सावलीत आठ-आठ दिवस मुक्काम करतात आणि ज्यांच्या छतावर सौर पॅनेलला जागाच नाही, त्यांनी जुना फ्रिज दुरुस्त करून ठेवणे अधिक योग्य ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे. थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज हा तिसरा पर्याय आहे. त्याला बॅटरीची वीज घरच्यासारखी २३० व्होल्टची करून देणारा इन्व्हर्टर लागत नाही, पण लिटरमागे किंमत बरीच जास्त पडते.

विजेचा हिशेब असा करावा. फ्रिजवरील बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) तारांकित लेबलवर वर्षाला लागणारी युनिट्स छापलेली असतात. समजा, एकदारी फ्रिजच्या लेबलवर १५० युनिट्स आहेत, तर दिवसाला साधारण ४१० वॅट-तास होतात. हा आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो, त्यामुळे मे महिन्यातील बंद गाडीसाठी मी तो दुप्पट, म्हणजे ८२० धरतो. त्यात इन्व्हर्टरमध्ये रूपांतर होताना जाणारी वीज मिळवली की आकडा ९३० च्या आसपास पोहोचतो. यानंतर जी गोष्ट बहुतेक जण विसरतात ती म्हणजे इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद असतानाही इन्व्हर्टर चालूच राहतो आणि तो नुसता चालू राहण्यासाठी १५ वॅट घेत असेल, तर चोवीस तासांत ३६० वॅट-तास खर्च होतात. एकूण गरज सुमारे १,३०० वॅट-तास झाली. म्हणून इन्व्हर्टर घेताना त्याचा बिनभाराचा खर्च माहितीपत्रकात पाहूनच घ्यावा, कारण काही स्वस्त इन्व्हर्टर या एका बाबीत फ्रिजइतकीच वीज खातात.

१२.८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २,५६० वॅट-तास साठवते. त्यातील ८० टक्के वापरली तर सुमारे दीड दिवस निघतो. घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी घेतल्यास तिच्या १,८०० वॅट-तासांपैकी निम्मेच वापरणे हिताचे असते, त्यामुळे अशा दोन बॅटऱ्या लागतात. त्यांचे वजन बरेच असते आणि चार्जिंगच्या वेळी त्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून त्या बाहेर हवा जाईल अशा बंद पेटीतच ठेवाव्या लागतात. लिथियम बॅटरी पत्र्याच्या खालच्या कप्प्यात न ठेवता आत, पलंगाखाली ठेवावी, कारण ठरावीक तापमानाच्या वर तिची संरक्षक यंत्रणा चार्जिंग थांबवते आणि आपल्याकडे मे महिन्यात तो कप्पा ती मर्यादा सहज ओलांडू शकतो.

चार्जिंगसाठी छतावर ४०० वॅटचे पॅनेल असेल, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी १,६०० वॅट-तासांच्या आसपास वीज मिळेल असे धरावे. पॅनेल तापले की त्याचे उत्पादन घटते, म्हणून कडक ऊन म्हणजे अधिक वीज असे समीकरण मांडू नये. पॅनेल आणि छत यांच्यामध्ये हवा खेळेल इतकी फट ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून असते तेव्हा पॅनेलवर विसंबता येत नाही, आणि तिथे इंजिनच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिन चालताना वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून चार्ज करणारा डीसी-टू-डीसी चार्जर उपयोगी पडतो. ३० अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे ४०० वॅट-तास देतो, म्हणजे नागपूरहून ताडोब्यापर्यंतच्या तीनेक तासांच्या प्रवासात जवळपास एका दिवसाची सोय होते.

फ्रिज निवडताना एकदारी, डायरेक्ट कूल (पंख्याविना थंड होणारा) आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, म्हणजे गरजेनुसार वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरचा घ्यावा. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर आणि पंखा असतो, तो भार बॅटरीवर नको. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, तर इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, त्यामुळे १,००० वॅटचा शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा) इन्व्हर्टर त्याला पुरतो. मागच्या पट्टीवर हवामान वर्गाचे अक्षर असते. तिथे ‘टी’ असल्याची खात्री करावी, कारण ‘एन’ वर्ग ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंतच्या सभोवतालासाठी असतो. आपले ऊन ‘टी’च्याही पलीकडे जाते, म्हणून पुढे सांगितलेली हवेची वाट अनिवार्य आहे. रुंदी, उंची, खोली यांच्यासह गाडीच्या दाराचेही माप घ्यावे. बहुतेक वेळा फ्रिजचे दार काढल्याशिवाय तो आत जात नाही.

जुना फ्रिज काढताना प्रथम सिलिंडर बंद करून शेगडी पेटवावी आणि नळीतला उरलेला गॅस जळू द्यावा. त्यानंतर १२ आणि २३० व्होल्टच्या दोन्ही जोडण्या काढाव्यात. फ्रिजकडे जाणारी गॅसची नळी फाट्यापाशीच पितळी प्लगने बंद करावी. तिच्यावर केवळ टेप गुंडाळून काम भागवू नये, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तो गाडीच्या तळाशी साचून राहतो. हे काम गॅसच्या जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे आणि शेवटी साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासावा. फ्रिजच्या मागच्या नळ्यांना कानस किंवा करवत लावू नये. त्यांत दाबाखालील अमोनिया व हायड्रोजन असतो, शिवाय गंजरोधक म्हणून घातलेले क्रोमेट विषारी असते. म्हणून तो कबाडीवाल्याला तोडायला न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावा.

जुन्या फ्रिजची उष्णता बाहेर जावी म्हणून गाडीच्या बाहेरच्या भिंतीवर असलेली खालची आणि वरची झडप बुजवून टाकण्याचा मोह होतो, पण नागपुरात त्या ठेवणेच मला योग्य वाटते. आजच्या घरगुती फ्रिजचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांचा भाग, अनेकदा बाजूच्या पत्र्याआड लपवलेला असतो आणि उष्णता त्या दोन्ही बाजूंमधून बाहेर पडते. म्हणून फ्रिजच्या दोन्ही बाजूंना आणि मागे पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडावी, खालच्या झडपेतून हवा आत येऊन वरच्या झडपेतून निघून जाईल अशी वाट करावी आणि वरच्या झडपेपाशी १२ व्होल्टचा थर्मोस्टॅटचा (ठरावीक तापमानाला आपोआप सुरू होणारा) पंखा लावावा. धूळ आणि किडे रोखण्यासाठी दोन्हीकडे बारीक जाळी लावावी, आणि हा कोनाडा राहण्याच्या भागापासून फोमच्या पट्टीने वेगळा करावा. अनेक नव्या फ्रिजमध्ये थंडावा देण्यासाठी आर-६००ए हा ज्वालाग्राही वायू असतो, त्यामुळे इन्व्हर्टर, फ्यूज आणि रिले या कोनाड्यात ठेवू नयेत.

लपलेल्या नळ्यांमुळेच फ्रिजच्या बाजूंना किंवा पाठीला कुठेही भोक पाडू नये. एक स्क्रू नळीतून गेला की वायू निघून जातो आणि फ्रिज निकामी होतो. फ्रिजचे पाय काढून तेथील मूळ भोकांतूनच तो लोखंडी अँगलच्या चौकटीवर बोल्टने कसावा, आणि ती चौकट नुसत्या प्लायवूडला न जोडता गाडीच्या सांगाड्याला जोडावी. वरून रबर लावलेली आडवी पट्टी द्यावी. दार शक्यतो प्रवासाच्या दिशेकडे उघडणारे नसावे, कारण जोराचा ब्रेक लागला की ते उघडते, आणि चिखलदऱ्याच्या घाटातील वळणांसाठी चुंबकी पट्टीवर न विसंबता बाहेरून कडी लावावी. मात्र बाहेरचा पत्रा नव्याने कापायचा असेल किंवा वजनात मोठा फरक पडणार असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लक्षात घेऊन आरटीओ कार्यालयात आधी विचारणा करावी.

बॅटरी ते इन्व्हर्टर हे अंतर जितके कमी तितके बरे. १२ व्होल्टवर १,००० वॅटसाठी सुमारे शंभर अँपिअर वाहतात, म्हणून २५ ते ३५ चौरस मिलीमीटरची तांब्याची केबल, प्रेसने दाबलेले लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) आणि बॅटरीच्या अगदी जवळ १२५ अँपिअरचा फ्यूज हवा. २३० व्होल्टच्या बाजूस एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट होताच वीज तोडणारा स्विच) बसवून गाडीचा सांगाडा अर्थिंगला जोडावा. धातूच्या गाडीत गळती करंट जिवावर बेतू शकतो, त्यामुळे ही जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. रिसॉर्टच्या सॉकेटला गाडी जोडायची असेल, तर इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज एकाच वेळी येणार नाही असा चेंजओव्हर (दोहोंपैकी एकच जोडणारा) स्विच आवश्यक आहे.

फ्रिज आडवा करून आणला असेल, तर उभा केल्यावर निदान चार तास थांबून मग सुरू करावा. पहिली चाचणी घरासमोरच घ्यावी : आत पाण्याच्या बाटल्या भरून, थर्मामीटर ठेवून पूर्ण एक दिवस-रात्र तो फक्त बॅटरीवर चालवावा, भर दुपारी आतले तापमान ४ अंशांच्या जवळ राहते का ते पाहावे आणि बॅटरी मॉनिटरवरील खर्च आपल्या हिशेबाशी ताडून घ्यावा. त्यानंतर रिंग रोडवर एक फेरी मारून सर्व बोल्ट पुन्हा कसावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तेव्हा फ्रिज रिकामा करून पुसावा, इन्व्हर्टर मुख्य स्विचवरून बंद करावा आणि दार बोटभर उघडे राहील असा ठोकळा लावून ठेवावा.