पाण्याचा प्रवाह मोजणारा सेन्सर: या चुका टाळा

वायएफ-एस२०१ हा अर्धा इंची स्वस्त सेन्सर खरे तर पाणी मोजत नाही. आतील चुंबक बसवलेल्या पंख्याचे फिरणे हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा घटक) टिपतो आणि त्यानुसार पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, पाठवतो, हे विसरल्याने बहुतेक चुका होतात.

पहिली चूक म्हणजे ‘एका लिटरला ४५० पल्स’ हा आकडा प्रमाण मानणे. या सेन्सरमध्ये सुमारे १० टक्के फरक संभवतो, म्हणून पाणी बादलीत घेऊन त्या पाण्याचे वजन करावे (एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो) आणि आपल्या सेन्सरचा आकडा स्वतः काढावा; ही चाचणी कमी आणि जास्त अशा दोन्ही प्रवाहांवर घेणे आवश्यक आहे, कारण संथ प्रवाहात पंखा मागे पडतो. मिनिटाला एक लिटरपेक्षा कमी प्रवाहाच्या मोजणीवर तर विसंबूच नये. त्यामुळे तासाला ४ लिटर देणारा ठिबक सिंचनाचा एकटा ड्रिपर किंवा ठिबकणारा नळ या सेन्सरने पकडण्याची अपेक्षा व्यर्थ आहे.

नळाला पाणी येण्याआधी पाइपातून हवा सुटते आणि तिनेही पंखा फिरतो, म्हणजे न आलेले पाणी मोजले जाते. सेन्सर उभ्या पाइपात, पाणी खालून वर जाईल असा बसवल्यास तो भरलेला राहतो. सेन्सरवरील बाण पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने आहे का ते पाहावे, आधी जाळीचा फिल्टर लावावा आणि प्लास्टिकचे आटे पान्याने फार आवळू नयेत.

पाणी बंद असतानाही पंपाचा स्टार्टर दाबताच आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा वायरिंगचा असतो: सिग्नलची पिवळी वायर मोटारच्या वायरपासून दूर न्यावी आणि तिला १० किलोओहमचा पुल-अप (वायर एरवी ‘हाय’ ठेवणारा रोधक) द्यावा. सेन्सर ५ व्होल्टवर चालवून ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरला थेट जोडणे मात्र धोक्याचे आहे. मध्ये व्होल्टेज डिव्हायडर (दोन रोधकांनी व्होल्टेज कमी करणारी जोडणी) हवाच.

प्रोग्रामची चूक सहसा उशिरा लक्षात येते. मिनिटाला २० लिटर प्रवाहात सेकंदाला सुमारे १५० पल्स येतात, त्यामुळे डिले (थांबा) असलेल्या लूपमध्ये पिन वाचत बसल्यास कित्येक पल्स निसटतात. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर २ किंवा ३ क्रमांकाच्या पिनवर इंटरप्ट (पल्स येताच चालू काम थांबवून तो मोजणारी सोय) वापरावा, मोजणीचे व्हेरिएबल ‘व्होलाटाइल’ (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचले जाणारे) ठेवावे आणि ते वाचताना इंटरप्ट क्षणभर थांबवावेत. पल्सना पूर्णांकी ४५० ने भागल्यास (म्हणजे दशांश भाग गळतो) ४४९ पल्सपर्यंत उत्तर शून्यच येते, आणि दोष नसलेला सेन्सर बदलला जातो.