न बोलणाऱ्या मुलाचा नकार ओळखताना

जे दिव्यांग मूल अंघोळीपासून कपडे बदलण्यापर्यंत दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून असते, त्याला कोणता स्पर्श मदतीचा आणि कोणता नाही हे आपोआप उमगत नाही, म्हणून प्रत्येक वेळी “आता पाठ पुसते, चालेल?” असे विचारून, त्याने होकारार्थी मान हलवेपर्यंत थांबून मगच हात लावावा. यात वेळ जातो, पण आपल्या नकाराला किंमत आहे हे मुलाला येथेच कळते. चित्रे दाखवून बोलणाऱ्या मुलाच्या तक्त्यावर भूक, तहान, शाळा असते. गुप्तांगे, ‘नको’ आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाचे छायाचित्र मात्र बहुधा नसते. ती आजच चिकटवावीत.

अंथरूण पुन्हा ओले होऊ लागणे किंवा ठरावीक व्यक्ती दिसताच अंग आखडणे ही लैंगिक अत्याचाराची खूण असू शकते, तिचे खापर दिव्यांगत्वावर फोडू नये, मग ती व्यक्ती जवळची नातेवाईक का असेना.

संशय आल्यास उलटतपासणी न करता मुलाच्या खुणा जशाच्या तशा तारखेसह लिहाव्यात, कपडे न धुता ठेवावेत आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार जबाब मुलाच्या घरी, गणवेशात नसलेल्या पोलिसांकडून, पालकांसमक्ष नोंदवता येतो. विशेष शिक्षकाची किंवा मुलाच्या खुणा जाणणाऱ्या व्यक्तीची मदतही घेता येते, ती आग्रहाने मागावी.