दोन्ही वाढतंय म्हणजे समप्रमाण असं नाही, आधी भागून पाहा

आमची पोरगी यंदा आठवीत जाणार म्हणून सुट्टीतच पुस्तक घेऊन बसली, समचलन (म्हणजेच समप्रमाण, एक जितक्या पट तितक्याच पट दुसरं) आणि व्यस्तचलनाचा धडा. त्याच दिवशी नागपुरात पारा ४५ वर होता तर म्हणते, आई सेल्सिअस दुप्पट झालं की फॅरेनहाइटही दुप्पट होत असेल ना. म्हटलं करून पाहा. २२.५ चे होतात ७२.५ आणि ४५ चे ११३. दुप्पट असतं तर १४५ यायला पाहिजे होते!

ही चूक मोठी माणसंही करतात, कारण एक वाढलं की दुसरं वाढतं एवढंच आपण पाहतो.

तर करायचं काय, जोड्या लिहायच्या आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं, प्रत्येक जोडीत उत्तर तेच आलं तरच समप्रमाण. तर्री पोह्याची प्लेट ३० ची धरा, ३ प्लेट ९०, ७ प्लेट २१०, कुठेही भागा ३० च येतात. दोन जोड्यांवर थांबू नका हं, तीन-चार तरी घ्या, कारण संत्री एक डझन ८० आणि दोन डझन १६० इथपर्यंत सगळं बरोबर दिसतं आणि पाच डझन घेतल्यावर भाऊ ३५० लावतो, मग डझनाला ७० पडले, गेलं प्रमाण.

लाइटबिल घ्या, मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो तेव्हा हे सगळ्यांनाच समजतं. समजा स्थिर आकार १३० आणि युनिटला ५ रुपये (खऱ्या बिलात स्लॅब असतात, ते अजून किचकट). १०० युनिटचे ६३०, २०० चे ११३०, म्हणजे वापर दुप्पट पण बिल दुप्पट नाही. घर बंद ठेवलं, शून्य युनिट, तरी १३० भरायचेच. आलेख काढला तर रेषा सरळच येते पण आरंभबिंदूतून (जिथे दोन्ही आकडे शून्य) जात नाही, आणि पोरं नेमकी इथेच फसतात, सरळ रेषा दिसली की समचलन लिहून मोकळी. ऑटोच्या मीटरचंही असंच, बसल्याबरोबर ठराविक पैसे लागतात.

शून्याला शून्य आलं म्हणूनही खूश होऊ नका. चौरस खोलीची बाजू १० फूट तर टाइल्स १०० चौरस फूट लागतात, २० फूट केली तर ४००. बाजू शून्य तर टाइल्सही शून्य, पण भागून पाहा, आधी १० येतात मग २०. म्हणून भागाकाराशिवाय निकाल देऊ नका.

एक वाढून दुसरं कमी होत असेल तर भागू नका, गुणा. समृद्धी महामार्ग ७०१ किमी, हिशोबाला ७०० धरा. ताशी १०० ने ७ तास, ७० ने १० तास, गुणाकार दोन्हीकडे ७००, हे व्यस्तचलन.

आता पोरीचा प्रश्न. शून्य सेल्सिअसलाही फॅरेनहाइट ३२ असतंच, बिलातल्या स्थिर आकारासारखं, म्हणून फॅरेनहाइटमधून आधी ३२ काढून टाका आणि मग भागा. ११३ चे उरले ८१, भागिले ४५, आले १.८. ७२.५ चे उरले ४०.५, भागिले २२.५, परत १.८. बिलातून १३० वजा करून पाहा, तिथेही युनिटला ५ च येतात.