खरीप मिरची: तिखट कुठे लागते, किती टिकते ते पाहून वाण निवडा

मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरचीची रोपवाटिका टाकायची असेल, तर दुकानात ‘तिखट बी द्या’ एवढे सांगून भागत नाही. ठेच्याला घास तोंडात जाताच झणका हवा. कांदा-लसूण चटणीला लालभडक रंग हवा आणि तिखट मागून चढायला हवे. वाळल्या मिरचीचा भाव तिखटाइतकाच रंगावरही ठरतो.

मिरचीतले तिखट एकाच घटकाचे नसते. कॅप्सेसिन आणि डायहायड्रोकॅप्सेसिन मिळून साधारण 90 टक्के भरतात; त्यांचा जाळ टाळ्यापासून घशापर्यंत लागतो. नॉरडायहायड्रोकॅप्सेसिनचा चटका तोंडाच्या पुढच्या भागात लवकर बसतो आणि लवकर ओसरतो. होमोडायहायड्रोकॅप्सेसिन उशिरा जाणवते, पण घशात रेंगाळते. स्कोव्हिलचा आकडा एकूण तिखट सांगतो. ते कुठे लागेल हे त्यातून कळत नाही. त्यासाठी चाखूनच पाहावे लागते.

एकाच वाणाच्या वेगवेगळ्या झाडांवरच्या पाच-सहा मिरच्या घ्या. मधला भाग पांढऱ्या शिरेसकट कापा. तिखट तयार होते ते या शिरेत, बियांत नाही. नुसते टोक चाखले तर हमखास फसगत होते. तांदळाएवढा तुकडा चावा आणि 10 सेकंद, 1 मिनिट, 5 मिनिटांनी कुठे जळते ते लिहून ठेवा. मध्ये दही खा, कारण पाण्याने हे तिखट धुतले जात नाही. एका बैठकीत तीनच वाण; पुढे जीभ बधिर होते.

हिरव्या तोड्याला पुसा ज्वाला चांगली: 10 ते 12 सेंमी लांब, सुरकुतलेली. फुले ज्योती घोसात लागते, त्यामुळे तोडणी सोपी जाते. पंत सी-1 फार तिखट, फळे उभी, बी जास्त. चटणीच्या रंगाला ब्याडगी, पण तिची तिखटाई सौम्य. जाळासाठी लवंगी किंवा तेजा जोडीला लागते. संकेश्वरी 32 ची साल पातळ, बी कमी, लांबी 20 सेंमीच्या पुढे. माण, खटाव, आटपाडी, जतच्या कोरडवाहू रानात वाळल्या मिरचीसाठी फुले सई घ्या. ती मध्यम तिखट आहे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसात लाल होईपर्यंत फळ झाडावर ठेवले तर फळकूज गाठते, म्हणून तिथे हिरवीच तोडा.

सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे एकरी 400 ते 500 ग्रॅम बी लागते. किलोभर बियाला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळून गादीवाफ्यावर पेरा आणि वर 40 मेशची जाळी लावा, नाहीतर फुलकिडे आणि पांढरी माशी रोपातच बोकड्या (पाने आकसण्याचा रोग) आणतात. बागायतीला एकरी 40:20:20 किलो नत्र, स्फुरद, पालाश. निम्मे नत्र लागवडीला, निम्मे महिन्याने. पाण्याचा थोडा ताण बसला की तिखट साधारणपणे वाढते, पण फुलोऱ्यात ताण दिला तर फुले गळतात. ताण द्यायचाच तर फळे पोसल्यावर.

शेजारी ढोबळी लावल्याने यंदाची मिरची फिकी पडत नाही. परागकण ढोबळीचे आले तरी फळातली तिखटाची शीर मातृझाडाचीच असते. फरक पडतो तो धरलेल्या बियांत, पुढच्या वर्षी. घरचे बी धरायचे असेल तर दुसरा वाण 400 मीटर लांब ठेवा.