उंदराच्या अंडाशयातले फॉलिकल कसे मोजावेत

एखाद्या औषधाने, किरणोत्साराने किंवा जनुकातल्या बदलाने बीजांडांचा साठा किती घटला, हे ठरवायचे तर फॉलिकल (एक बीजांड आणि त्याभोवतीच्या पेशींचे वेष्टन) मोजण्याला पर्याय नाही. रक्तातले एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) वाढीला लागलेल्या फॉलिकलांतून येते. सुप्त प्रायमॉर्डियल फॉलिकल ते बनवत नाहीत, त्यामुळे साठ्याबद्दल ते आडूनच सांगते. मोजणी थेट असते खरी, पण त्याच वयाच्या, त्याच वाणाच्या उंदरांत दोन प्रयोगशाळांचे आकडे कित्येक पटींनी वेगळे निघतात. हा फरक बहुतेक वेळा उंदरांतला नसून मोजण्याच्या नियमातला असतो. प्रौढ उंदराच्या अंडाशयात नवी बीजांडे तयार होतात, हा जोनाथन टिली यांच्या गटाचा २००४ सालचा दावासुद्धा सुरुवातीला फॉलिकलांच्या मोजणीवरच उभा होता आणि त्यावरचा वादही तिथूनच पेटला. म्हणून पहिली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधीच नियम लिहून काढा.

प्राणी आणि वेळ

सगळ्या गटांतल्या माद्या एकाच वयाच्या हव्यात, कारण साठा वयाबरोबर सतत घटत असतो. उंदराचे ऋतुचक्र चार ते पाच दिवसांचे असते. योनीच्या स्मिअरवरून (काचेवर पसरलेल्या पेशींच्या नमुन्यावरून) टप्पा ओळखा आणि सर्व अंडाशये एकाच टप्प्यावर काढा. अँट्रल (द्रवाची पोकळी असलेले) फॉलिकल आणि कॉर्पस ल्युटियम (बीजांड सुटल्यावर फॉलिकलचा उरणारा पिवळा पिंड) यांचे आकडे टप्प्यानुसार हलतात, प्रायमॉर्डियलचे फारसे नाही. नवजात पिल्लांत बीजांडे अजून झुबक्यांत असतात. स्वतंत्र फॉलिकल मोजायचे असतील तर सातव्या दिवसापर्यंत थांबा.

अंडाशय काढणे

मूत्रपिंडाच्या खालच्या बाजूला चरबीच्या गादीत अंडाशय सापडते. चरबी आणि गर्भाशयाच्या शिंगाचा छोटा तुकडा यांसह ते कापून घ्या आणि पीबीएसमध्ये (फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या द्रावणात), स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक टोकाच्या चिमट्याने बर्सा (अंडाशयावरचे पातळ आवरण) फाडून मोकळे करा. चिमटा चरबीला लावा, अंडाशयाला कधीच नाही. प्रायमॉर्डियल फॉलिकल बाहेरच्या कॉर्टेक्समध्ये असतात, त्यामुळे अंडाशय दाबले गेले तर जे मोजायचे तेच आधी चिरडते. काम कर्करोगाशी संबंधित असेल तर अंडवाहिनी टाकून देऊ नका, तिच्या झालरीच्या टोकासह वेगळ्या कॅसेटमध्ये ठेवा. स्त्रियांमधले उच्च श्रेणीचे सिरस कर्करोग, ज्यांना आपण अंडाशयाचे म्हणतो, ते बऱ्याचदा त्या टोकाच्या अस्तरातच सुरू होतात.

फिक्सेशन

फिक्सेशन म्हणजे ऊती बिघडू नये म्हणून ती रसायनात स्थिर करणे. केंद्रक स्पष्ट हवे असेल तर बुआँचे द्रावण उत्तम: संपृक्त पिक्रिक ॲसिड ७५ मिली, फॉर्मॅलिन २५ मिली, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ५ मिली. ऊतीच्या किमान वीसपट द्रावण घ्या आणि रात्रभर ठेवा. जास्त दिवस राहिले तर ऊती ठिसूळ होते आणि सेक्शनला (ऊतीच्या पातळ कापाला) भेगा पडतात. नंतर ७० टक्के अल्कोहोल पिवळेपणा उतरेपर्यंत बदलत राहा. उरलेले पिक्रिक ॲसिड रंग बिघडवते. पिक्रिक ॲसिड सुकले की स्फोटक होते. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांवर कोरडे कण दिसले तर ती बाटली उघडू नका, सुरक्षा विभागाला कळवा.

अँटिबॉडीने रंगवायचे असेल किंवा डीएनए काढायचा असेल तर बुआँ टाळा आणि ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड घ्या. एक अंडाशय बुआँमध्ये आणि दुसरे पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये, असे करता येते. मात्र कोणते कशात, हे सगळ्या प्राण्यांत सारखे ठेवा किंवा आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा.

ब्लॉक आणि सेक्शन

अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, झायलीन आणि साधारण ६० अंशांचे पॅराफिन हा क्रम नेहमीचाच, फक्त वेळ कमी लागतो. मोठ्या ऊतीसाठी लावलेल्या वेळापत्रकात इतके लहान अंडाशय घातले तर ते करकरीत होते. कॅसेटच्या भोकातून ते निसटूही शकते, म्हणून बायोप्सीच्या कागदात गुंडाळा.

जाडी ५ मायक्रोमीटर ठेवा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक सेक्शन क्रमाने उचला. २ मिलिमीटर लांबीच्या अंडाशयाचे ४०० सेक्शन होतात. एखादा फाटला तर नोंदवहीत त्या क्रमांकासमोर ‘गेला’ असे लिहा. शेजारचा सेक्शन त्याच्या जागी ढकलला की पुढचे सगळे अंतर चुकते.

दर पाचवा सेक्शन मोजायचा असेल तर १ ते ५ मधला एक आकडा यादृच्छिक निवडा. ३ आला तर ३, ८, १३ असे पुढे जा. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन पुरते, पण पीएएस रंगात झोना पेलुसिडा (बीजांडाभोवतीचे आवरण) गुलाबी उठून दिसतो आणि मेलेल्या फॉलिकलांचे अवशेष ओळखणे सोपे जाते.

काय मोजायचे

बीजांडाचे केंद्रक दिसले तरच फॉलिकल मोजा. भोवती फक्त चपट्या ग्रॅन्युलोसा पेशींचा एक थर असेल तर प्रायमॉर्डियल. चपट्यांत एखादी घनाकृती पेशी मिसळली असेल तर संक्रमणातला. पूर्ण थर घनाकृती असेल तर प्रायमरी. दोन किंवा अधिक थर आणि पोकळी नसेल तर सेकंडरी. द्रवाची पोकळी दिसली की अँट्रल. संक्रमणातले कोणत्या रकान्यात टाकायचे, हे आधीच ठरवा. एका गटात ते प्रायमॉर्डियलमध्ये आणि दुसऱ्यात प्रायमरीत गेले तर नसलेला परिणाम दिसू लागतो.

दर पाचव्या सेक्शनमधला आकडा ५ ने गुणायचा असतो, पण मोठ्या फॉलिकलांसाठी तो गुणाकार नको. त्यांचा सलग सेक्शनमधून माग काढा आणि केंद्रिका (केंद्रकाच्या आतला गडद ठिपका) दिसते त्या एकाच सेक्शनमध्ये मोजा.

खरी गफलत इथे होते

प्रायमॉर्डियल बीजांडाच्या केंद्रकाचा व्यास ९ मायक्रोमीटर धरा. सेक्शन ५ मायक्रोमीटरचा, म्हणजे एकच केंद्रक दोन किंवा तीन लागोपाठच्या सेक्शनमध्ये दिसते. दर पाचव्या सेक्शनमध्ये मिळून १२० दिसले आणि ५ ने गुणून ६०० लिहिले, तर तो आकडा फुगलेला आहे. ॲबरक्रॉम्बीची दुरुस्ती अशी: जाडीला, जाडी आणि व्यास यांच्या बेरजेने भागा आणि त्या अपूर्णांकाने गुणा. ५ भागिले १४, म्हणजे ६०० चे सुमारे २१४ होतात.

सगळ्या गटांना एकच गुणक लागतो, मग दुरुस्ती कशाला, असे अनेकांना वाटते. आमच्या मते हा युक्तिवाद धोक्याचा आहे. समजा औषधाने एकही फॉलिकल मेला नाही, फक्त केंद्रक आक्रसून ७ मायक्रोमीटरचे झाले. तेच २१४ फॉलिकल आता दर पाचव्या सेक्शनमध्ये १२० ऐवजी सुमारे १०३ वेळाच दिसतील. साठा जसाच्या तसा, आणि तक्त्यात १४ टक्के घट! म्हणून व्यास प्रत्येक गटात वेगळा मोजा, आणि तोही तुमच्याच फिक्सेटिव्हमधल्या ऊतीवर. केंद्रकाच्या कडेवरून गेलेले काप लहान वर्तुळे दाखवतात, म्हणून केंद्रिका स्पष्ट दिसणारी केंद्रकेच मापायला घ्या.

मेलेले फॉलिकल

वाढत्या फॉलिकलांत ॲट्रेसिया (फॉलिकल झिजून मरणे) ओळखता येतो: ग्रॅन्युलोसा पेशींची आकसलेली गडद केंद्रके, तुटके बीजांड, रिकामा झोना. प्रायमॉर्डियल मात्र मरून लवकर साफ होतात. कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिनसारख्या औषधानंतर आठवड्याने अंडाशय काढले तर मरणारे फॉलिकल दिसणार नाहीत, नुसती रिकामी जागा दिसेल. त्यातून ‘मृत्यू झाला नाही’ असा निष्कर्ष काढू नका. मृत्यू पकडायचा असेल तर आणखी काही प्राण्यांची अंडाशये पहिल्या २४ तासांत काढा आणि क्लीव्ह्ड कॅस्पेस-३ (पेशी मरताना सक्रिय होणारे एन्झाइम) साठी रंगवा. निरोगी अंडाशयात लहान बीजांडे नजरेतून सुटत असतील तर पी६३ (बीजांडाच्या केंद्रकातले प्रथिन) ची अँटिबॉडी चांगली मदत करते, कारण तिने त्यांची केंद्रके ठळक होतात.

मोजणारा

स्लाइडवरचे गटाचे नाव झाका आणि सांकेतिक क्रमांक द्या. तो क्रमांक देणारी व्यक्ती मोजणारी नसावी. काही स्लाइड दुसऱ्याकडून मोजून घ्या. फरक पडला तर सरासरी काढून पुढे जाऊ नका. दोघांनी एकत्र बसून कोणत्या पेशीवर मतभेद झाला ते पाहा. बहुतेक वेळा तो गोल केंद्रकाची स्ट्रोमातली (आधार देणाऱ्या ऊतीतली) पेशी किंवा संक्रमणातला फॉलिकल निघतो. संख्याशास्त्रात ‘एन’ म्हणजे प्राणी. एका मादीची दोन अंडाशये म्हणजे दोन नमुने नव्हेत, आणि सेक्शन तर मुळीच नाहीत.

लेख लिहिताना फिक्सेटिव्ह, जाडी, किती सेक्शन सोडले, केंद्रकाचा नियम, वापरलेला व्यास आणि दुरुस्ती हे सगळे द्या. सोबत प्रत्येक प्राण्याचे दुरुस्तीपूर्वीचे कच्चे आकडेही जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला वेगळ्या गुणकाने हिशेब पुन्हा मांडता येईल.