टॉर्क कन्व्हर्टर मागवण्याआधी दाराचा स्टिकर वाचा

माझी २००० सालची शेवरोले कॅमॅरो झेड-२८, ऑटोमॅटिक. इंजिन आतून कंपनीचंच, बदललाय तो फक्त एक्झॉस्ट. तिला ३,६०० स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग; स्टॉल म्हणजे इंजिन किती आरपीएमपर्यंत चढू देऊन तो नीट पकड घेतो) बसवला आणि चार महिन्यांत उतरवावा लागला. पैसे गेलेच, शिवाय ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात गिअरबॉक्सचं तेल जळून काळं पडलं. मागच्या एक्सलचा रेशो (चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा, किती वेळा फिरतो) मी तपासलाच नव्हता. ऑर्डरच्या फॉर्मवर तो विचारला होता. मी बेधडक ३.२३ लिहिलं. निघाला २.७३.

म्हणून सगळ्यात आधी ते बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला तीन-तीन अक्षरांच्या कोडांचा स्टिकर असतो. जीयू२ म्हणजे २.७३, जीयू५ म्हणजे ३.२३. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. गाडी जुनी आहे, मधल्या मालकाने एक्सलचे गिअर बदललेले असू शकतात. तेव्हा मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलला टाका, प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा आणि दोन्ही चाकं एकाच दिशेने एक-एक पूर्ण फेरा फिरवा. शाफ्टचे फेरे पावणेतीन की सव्वातीन? दहा मिनिटांचं काम आहे, आजच करा.

एवढा फरक का पडतो? चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना ३.२३ वर इंजिन साधारण २,०५० आरपीएमला फिरतं, २.७३ वर १,७५० च्या आसपास. गावात ४५ मैलांना तर ११०० च्या जवळ. लॉकअप (घसरणं थांबवणारा कन्व्हर्टरमधला क्लच) नसेल तर ३,६०० चा कन्व्हर्टर तिथे नुसता घसरत राहतो, आणि घसरणं म्हणजे उष्णता. पेडल दाबलं की आवाज वाढतो, गाडी मात्र मागे रेंगाळते. २.७३ असेल आणि कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदललेला नसेल, तर रोजच्या गाडीला मी आता २,८०० ते ३,००० च्या वर जाणार नाही. ३.२३ ला ३,२०० चालेल. ४,००० चा विचार कॅम बदलल्यावर.

स्टॉल हा काही कन्व्हर्टरवर कोरलेला पक्का आकडा नाही. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे लावला की आकडा वर चढतो. म्हणून बनवणाऱ्याला इंजिन, गाडीचं वजन, टायरची उंची आणि रेशो (तपासलेला रेशो, अंदाज नाही) हे सगळं कळवा. ब्रेक दाबून स्टॉल मोजू नका. खरा आकडा येण्याआधीच मागची चाकं फिरायला लागतात. उभ्या गाडीत एकदम पूर्ण पेडल दिल्यावर काटा जिथे उडी मारतो, तो फ्लॅश स्टॉल विचारा. लॉकअप असलेलाच घ्या. रस्त्यावरच्या गाडीला त्याशिवाय घेऊच नये.

गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर हवाच, यावर वाद नको. ट्यूनही (गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग) हवा: शिफ्टचे आरपीएम आणि लॉकअप कधी लागायचं, ते नव्या कन्व्हर्टरप्रमाणे बदलावं लागतं. ट्यून करणाऱ्यालाही रेशो सांगा. हो, त्यालाही.

बसवताना कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओता. मग फिरवत-फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने खाली बसतो. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची चकती, जिला तो बोल्टने जोडतात) यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. फटच नसेल तर कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसलेला नाही. बोल्ट आवळून ओढून घेतलात तर पंप फुटेल. थांबा, पुन्हा उतरवा.

गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि फिल्टर नवे. तेल डेक्सरॉन सिक्स. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर बघा. गळती दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

आणि ऑर्डरचा फॉर्म पाठवताना दाराच्या स्टिकरचा फोटो सोबत जोडा.