टीममधला वाद कसा हाताळावा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एखादा व्हॉल्व्हचा कारखाना घ्या. उत्तरायण, म्हणजे गुजरातची संक्रांत, तोंडावर आलंय. प्रॉडक्शन म्हणतं, लॉट आजच काढा. क्वालिटी म्हणते, होल्ड. आवाज चढतात, साहेब एकाच्या बाजूने निकाल देतात. हरलेला माणूस पुढच्या मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही. टीमचं खरं नुकसान तिथे होतं.

आधी दोघांनाही ‘का?’ विचारा. ‘लॉट काढा’ ही झाली मागणी. 14 आणि 15 जानेवारीला ना गाडी मिळेल ना लोडिंगला माणसं, ही तिच्यामागची गरज. क्वालिटीचं म्हणणं, हायड्रो टेस्टमध्ये (पाण्याच्या दाबाखालच्या तपासणीत) काही नग गळले आणि बाकीचे तपासायचे राहिलेत. दोन्ही गरजा फळ्यावर लिहा.

मग दोन्ही भागवणारी वाट शोधा. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषींनी 1925 साली हे मांडलं. हार्वर्डच्या वाचनालयात एकाला खिडकी उघडी हवी होती, बाईंना बंद. त्याला हवा हवी होती, यांना अंगावर वारा नको होता. शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली, दोघांचंही काम झालं. आपल्या लॉटचंही तसंच: पास झालेले नग आज गाडीत चढवा, उरलेले तपासून सणानंतर पाठवा. मात्र पार्ट डिस्पॅच, म्हणजे अर्धाच माल आधी पाठवणं, चालेल का, हे ग्राहकाला आधी फोन करून विचारा. गळणारा नग पाठवायचा की नाही, यावर तडजोड नाहीच.

मत मांडताना नव्या मुलांना आधी बोलू द्या, साहेबांनी शेवटी बोलावं. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. वयाने मोठ्या माणसाला विरोध करायचा तर सरळ म्हणा, ‘काका, गाडीची अडचण कळतेय, पण न तपासलेला माल जाऊ नये असं मला वाटतं.’ समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडून आलं की तोही ऐकून घेतो.

बडोद्यात आणखी एक जपावं लागतं. तावातावात दोघं मराठीत शिरले की शेजारचा गुजराती सहकारी चर्चेतून बाहेर पडतो. त्याला वाटतं, हे आपल्याबद्दलच बोलताहेत. सगळ्यांना कळते त्याच भाषेत वाद पुरा करा, मग ती हिंदी असो की गुजराती.

एकमत झालं नाही तरी निर्णय कोणी घेतला आणि तो पुन्हा कधी तपासायचा, हे त्याच दिवशी ग्रुपवर टाका. विरोध करणाऱ्याचं म्हणणंही लिहा, त्याच्याच शब्दांत.